फडक्यातली ऊब

आई मुगाला मोड आणते तेव्हा तिला घड्याळ लागत नाही. रात्री मूग भिजत घालायचे, सकाळी उपसून निथळायचे, अण्णांच्या जुन्या धोतराच्या मऊ फडक्यात गच्च बांधायचे आणि ते गाठोडं पितळेच्या डब्यात झाकून ठेवायचं. थंडीचे दिवस असले तर वरून घोंगडीचा तुकडा. मग येता-जाता ती डब्यात हात घालते, गाठोडं जरा दाबून बघते आणि म्हणते, "अजून नाही." दुपारनंतर कधीतरी म्हणते, "आता धरली ऊब."

लहानपणी मला वाटायचं, ही ऊब घोंगडीची. गाठोड्याला पांघरूण घातलं म्हणून ते गरम झालं. पण उन्हाळ्यात घोंगडी नसतानाही गाठोड्याच्या मध्याशी बोट घातलं की आत वेगळंच लागायचं. फडकं गार, आतले मूग कोमट. दाणा न् दाणा स्वतःच ऊब काढत होता आणि घोंगडी ती नुसती अडवून धरत होती, हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं. आईला ते आधीपासून ठाऊक असावं. नाहीतर मूग फार वेळ बांधून ठेवले की ती "सोड गं, आतल्या आत शिजतील" असं म्हणाली नसती.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. पाऊस बेताचा, जमीन हलकी. खरिपात लवकर हाताशी येणारं पीक म्हणजे मूग. साठ-सत्तर दिवसांत शेंगा काळ्या पडून तोडणीला येतात. पोळ्याच्या आसपास घरात नवे मूग असायचे. त्यामुळे मुगाकडे मी कधी परकं म्हणून पाहिलंच नाही, आणि पुढे जीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा श्वसनाच्या धड्याला मूगच नेले.

तो प्रयोग जुना आहे, बऱ्याच जणांनी केला असेल. दोन थर्मास घ्यायचे. एकात मोड आलेले मूग, दुसऱ्यात उकळून गार केलेले. तोंडाला कापसाचा बोळा, बोळ्यातून तापमापी. दुसऱ्या दिवशी जिवंत मुगांची तापमापी चढलेली दिसते, उकळलेल्यांची नाही. पहिल्या वर्षी मी उकळलेल्या मुगांना फॉर्मलीनचं पाणी लावायचं विसरले. दुसऱ्या दिवशी दोन्ही तापमाप्या चढलेल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मेलेले मूग कसे तापले?" बोळा काढला तर आंबूस वास आला. मेलेल्या मुगांवर जिवाणू वाढले होते, ऊब त्यांची होती. तो फसलेला प्रयोग मुलांच्या जास्त लक्षात राहिला असणार, कारण श्वास घेणारं काहीतरी तिथे आहे म्हणूनच ऊब आहे, हे त्यातून आपोआप सिद्ध झालं.

ऊब येते कुठून, हे मी फळ्यावर वर्षानुवर्षं काढत आले. दाण्यातल्या पिठाची साखर होते, साखर मोडते, आणि तिच्यातून निघालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या, आतल्या पटलावर बसवलेल्या यंत्रांतून हातोहात पुढे जातात. शेवटी ते ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी होतं. या वाटचालीत प्रोटॉन पटलाच्या पलीकडे ढकलले जातात, आणि ते परत येताना एटीपी, म्हणजे पेशीला हवी तेव्हा खर्चता येणारी ऊर्जेची पुडी, बनतं. एटीपीत जे मावत नाही ते उष्णता होऊन सुटतं. फळ्यावर मी चार पेट्या काढायची, एक, दोन, तीन, चार, आणि बाण. या पेट्या बांधतं कोण, हा प्रश्न मला मुलांनी विचारला नाही आणि मीही स्वतःला विचारला नाही. निवृत्त झाल्यावर, वाचायला वेळ मिळाला तेव्हा, तो प्रश्न पहिल्यांदा समोर आला आणि मग मला सोडेना.

पहिल्या पेटीबद्दलच सांगते. कॉम्प्लेक्स-१ हे नाव. साखळीतली ही सगळ्यांत मोठी. पाण्याच्या एका रेणूचं वजन १८ धरलं तर हिचं दहा लाखांच्या घरात जातं. आकार कोपरात वाकवलेल्या हातासारखा. एक भाग पटलात आडवा रुतलेला, दुसरा आतल्या बाजूला उभा. उभ्या भागात लोह आणि गंधकाचे आठ छोटे पुंजके असतात. त्यांतले सात एका ओळीत बसवलेले, आणि इलेक्ट्रॉन त्यांच्यावर पाय देत खाली उतरतो. वनस्पतींमध्ये हा हात जवळपास पन्नास वेगवेगळ्या प्रथिनांचा बनतो. त्यांतल्या नऊ प्रथिनांचीच जनुकं तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएत असतात. बाकीची सगळी केंद्रकात. म्हणजे यंत्र एक, पण नऊ भाग घरात घडलेले आणि चाळीस बाहेरून आलेले. ते एकमेकांत बिनचूक बसले पाहिजेत, नाहीतर श्वास नाही.

बाहेरून येणारं प्रथिन पेशीद्रव्यात तयार होतं. घडी न घालता, सुतासारखं सरळ ठेवून, ते तंतुकणिकेच्या दोन्ही पटलांमधून आत ओवलं जातं. त्याच्या टोकाला कुठे जायचं त्याचा पत्ता असतो. आत पोचलं की पत्त्याचं काम संपतं आणि तो तुकडा कापून टाकतात. यीस्टमध्ये आणि आपल्या पेशींत ही कात्री आतल्या द्रवात सुटी असते. वनस्पतींत ती कुठे सापडावी? साखळीतल्या तिसऱ्या पेटीत, कॉम्प्लेक्स-३ मध्ये, कायमची बसवलेली. बटाट्यावर काम करणाऱ्या जर्मन संशोधकांनी १९९२ मध्ये हे दाखवलं. जे यंत्र श्वास चालवतं, तेच नव्याने आलेल्या भागांची चिठ्ठीही कापतं. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ नुसती बसून होते. आमच्या घरात आई चुलीपुढे भाकरी थापता थापता एका पायानं पाळणा हलवायची, ते आठवत होतं.

घरच्या नऊ भागांची कथा याहून गुंतागुंतीची. माणसाच्या तंतुकणिकेतला डीएनए १६,५६९ अक्षरांचा, आटोपशीर. अरॅबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या एवढ्याशा रोपट्याचा मात्र ३,६७,००० अक्षरांच्या आसपास. आणि त्यातली काही जनुकं एका जागी नाहीतच. नॅड-५ नावाचं जनुक घ्या, कॉम्प्लेक्स-१ च्या आडव्या भागातलं एक प्रथिन त्याच्यावरून बनतं. त्याचे पाच तुकडे डीएनएत तीन ठिकाणी विखुरलेले आहेत. तिन्हींच्या वेगवेगळ्या आरएनए नकला निघतात, त्या एकमेकींना शोधतात, आणि मग मधला फालतू मजकूर काढून पाचही तुकडे ओळीने जोडले जातात. त्यातला तिसरा तुकडा अवघा २२ अक्षरांचा. लाखो अक्षरांच्या पसाऱ्यात २२ अक्षरं कुठल्या कोपऱ्यात पडलीत ते हुडकून, उचलून, बरोबर मधोमध बसवायची. एका अक्षराची चूक झाली तर पुढचं सगळं वाचन बिघडतं.

एवढं करूनही मजकूर शुद्ध होत नाही. डीएनएत 'सी' हे अक्षर असलेल्या कित्येक जागी नकलेत 'यू' करावा लागतो, तेव्हा कुठे प्रथिन धड बनतं. वनस्पतींच्या तंतुकणिकेतली ही दुरुस्ती १९८९ मध्ये लक्षात आली, आणि अरॅबिडॉप्सिसमध्ये अशा जागा चारशेहून जास्त निघाल्या. माझे एक काका पुण्यात छापखान्यात मुद्रितं तपासायचे. ऱ्हस्व-दीर्घ, राहिलेला अनुस्वार, उलटा पडलेला खिळा. लाल पेन्सिलीनं समासात खूण. मला त्यांचीच आठवण आली, फक्त इथे एक माणूस सगळं पुस्तक तपासत नाही. पीपीआर नावाच्या प्रथिनांचा मोठा गोतावळा आहे, अरॅबिडॉप्सिसमध्ये साडेचारशेच्या आसपास. माणसात सात. यांतले काही तुकडे जोडायला मदत करतात, काही नकला सांभाळतात, आणि बरेच जण एखाददुसऱ्या अक्षराचीच खूण करून थांबतात. ज्याची जागा त्यालाच माहीत. आणि हे सगळे मुद्रितशोधक केंद्रकाकडून येतात. म्हणजे घरचे म्हटलेले नऊ भागसुद्धा बाहेरच्या हातांशिवाय पुरे होत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, जोडणी.

वनस्पतींत कॉम्प्लेक्स-१ ची बांधणी ज्या ठिकाणाहून सुरू होते तो भाग प्राण्यांत नसतोच. आडव्या हाताला चिकटलेला एक गोळा, तीन सारख्या प्रथिनांचा. कार्बोनिक अनहायड्रेज या विकराच्या (एन्झाइमच्या) घराण्यातला, म्हणजे मुळात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची गाठ घालून देणाऱ्यांपैकी. तीनपैकी एकाच जागी आता त्या जुन्या कामाच्या खुणा शिल्लक आहेत. पण हा गोळा नसला तर यंत्र उभं राहत नाही. कोनशिला बसवावी तसा तो आधी बसतो, मग त्याच्याभोवती आडव्या हाताचा जवळचा अर्धा भाग वाढत जातो.

या टप्प्यावर एक पाहुणा येऊन बसतो. जीएलडीएच हे त्याचं नाव. हा कोण, तर झाडात क जीवनसत्त्व तयार होतं त्यातली अगदी शेवटची पायरी करणारा विकर. अर्धवट यंत्रांवर तो सापडतो, पूर्ण झालेल्यांवर नाही. आणि तो नसलेल्या रोपांमध्ये कॉम्प्लेक्स-१ साठतच नाही. बरीच वर्षं हे कोडं होतं, की जीवनसत्त्व बनवणाऱ्याचं इथे काम काय. २०२० मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी फ्लॉवरच्या गड्ड्यातून तंतुकणिका काढून क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे अर्धवट यंत्र पाहिलं. जीएलडीएच आडव्या हाताच्या उघड्या टोकाशी बसलेला होता. त्याच जागी पुढे पी-१ नावाचं प्रथिन बसायचं असतं, आणि पी-१ बसलं की हाताचा उरलेला लांबचा भाग जोडता येतो. पाहुणा बसलेला असेतोवर पी-१ ला जागा नाही. स्लॅब पक्का होईपर्यंत सेंटरिंगच्या फळ्या काढत नाहीत, तसं. जवळचा भाग नीट झाला, उभा हात बसला, मग हा उठतो आणि शेवटचा तुकडा जोडला जातो. तयार यंत्र पाहणाऱ्याला तो कधी इथे होता हे कळणारही नाही.

यात मला एक घरगुती आनंद झाला, तो लपवत नाही. सुक्या मुगात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं आणि मोड आले की ते वाढतं, हे मी मुलांना पाठ्यपुस्तकातलं वाक्य म्हणून सांगायची. आता ते वाक्य मला वेगळं ऐकू येतं. ज्या हातांनी ते जीवनसत्त्व पुरं होतं त्याच हातांनी श्वासाचं यंत्र अर्ध्यावर धरून ठेवलेलं असतं.

आणि मुगाची खरी बातमी तर पुढेच आहे. त्याच २०२० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या प्रयोगशाळेत मारिया माल्डोनाडो, जेम्स लेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पतीच्या कॉम्प्लेक्स-१ च्या एका अर्धवट टप्प्याची अणूंपर्यंतची रचना मांडली. गोळा आहे, उभा हात आहे, आडव्या हाताचा जवळचा भाग आहे, लांबचा नाही. हे त्यांनी कशातून काढलं? मुगातून. अंधारात, ओल्या कापडावर मोड आणलेल्या मुगाच्या कोंबांतून.

मी आईला हे सांगितलं. ती गहू निवडत होती. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत, मोठ्या यंत्राखाली, मुगाचे मोड, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फडक्यात बांधून नाही, नुसते फडक्यावर? मग पाणी किती वेळा शिंपडत होते?" तिच्या दृष्टीनं खरा प्रश्न तोच होता, आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

कोरड्या बियात तंतुकणिका असतात, पण साध्या, आतल्या घड्या फारशा नसलेल्या. भाताच्या बियांत असं दिसलं, की बाहेरून प्रथिनं आत घेणारी दारं कोरड्या दाण्यातच तयार ठेवलेली असतात, आणि पाणी मिळाल्यावर ४८ तासांत आतलं पटल घड्या घालत पूर्ण रूपाला येतं. म्हणजे आई "अजून नाही" आणि "आता धरली" यांच्या मधल्या ज्या वेळाबद्दल बोलते, त्या वेळात डब्यातल्या प्रत्येक दाण्यात ही बांधकामं चाललेली असतात. किती पेशी, पेशीत किती तंतुकणिका, एकेकीत किती यंत्रं, मी मोजायला जात नाही.

बांधणी फसली तर? माणसात कॉम्प्लेक्स-१ बिघडलं तर तान्ह्या मुलांना जीवघेणे आजार होतात. झाडं अधिक चिवट. त्यांच्यापाशी इलेक्ट्रॉन न्यायला आडवाटा आहेत, त्यामुळे कॉम्प्लेक्स-१ अजिबात नसलेली अरॅबिडॉप्सिसची रोपं प्रयोगशाळेत जगतात, फुलतातही. पण बी उशिरा रुजतं, रोप खुरटं राहतं. युरोपातल्या एका बांडगुळानं तर ही पेटी कायमची टाकून दिली आहे. त्याच्या तंतुकणिकेतली ती नऊ जनुकंच गायब आहेत, आणि २०१८ मध्ये दोन गटांनी दाखवलं की यंत्रही नाही. दुसऱ्याच्या फांदीवर बसून खाणाऱ्याला चालून गेलं असेल.

पण एक बिघाड मी स्वतः पाहिला आहे, शेतात, तो काय आहे हे माहीत नसताना.

अण्णांनी दोन-तीन वर्षं हायब्रीड ज्वारीचा सीड प्लॉट केला होता. चार ओळी मादीच्या, दोन नराच्या, असं शेतभर. शेजारी कुणाची ज्वारी नको, म्हणून ओढ्यापलीकडचं लांबचं रान निवडलेलं. ज्वारी फुलोऱ्यात आली की पहाटे आम्ही भावंडं जायचो. नराच्या ओळीतलं कणीस हलवलं की पिवळी धूळ उडायची, हाताला लागायची, नाकात जायची. मादीच्या ओळीतलं हलवलं तर काही नाही. परागकोश बारीक, फिकट, चपटे. नखानं फोडले तरी आत काही नसायचं. आमचं काम मादीच्या ओळीत धूळ सोडणारं एखादं कणीस निघालं तर ते उपटून बाहेर टाकायचं. मी अण्णांना विचारलं होतं, ही रिकामी का? ते म्हणाले, "तिची आईच तशी. आईकडून येतं हे." त्यांना बियाणाच्या माणसानं सांगितलं असावं. पण उत्तर अक्षरशः खरं होतं. ज्वारीत तंतुकणिका आईकडूनच येतात, आणि दोष तंतुकणिकेतच असतो. मिलो ज्वारीचं पेशीद्रव्य, त्यातल्या तंतुकणिकांसकट, आणि काफिर ज्वारीचं केंद्रक एकत्र आणलं की परागकण धरत नाहीत, हे टेक्सासमध्ये १९५४ साली जाहीर झालं. दोन घरांचं जमलं नाही. त्याच आधारावर आपल्याकडे १९६४ मध्ये सीएसएच-१ हा पहिला ज्वारीचा हायब्रीड आला. कांद्यात असं वांझ फुलांचं पहिलं झाड १९२५ साली डेव्हिसलाच मिळालं होतं, जिथे पुढे मुगाची रचना निघाली.

दोष नेमका कुठे, हे भातात सगळ्यांत स्वच्छ उलगडलं. चीनच्या हैनान बेटावर १९७० साली रानभाताचं एक परागकण न धरणारं झाड सापडलं आणि त्यावर चीनचा संकरित भात उभा राहिला. २०१३ मध्ये त्याचं कारण मिळालं: तंतुकणिकेतल्या तुकड्यांची सरमिसळ होऊन तयार झालेलं एक नवं जनुक. त्याचं प्रथिन जाऊन धरतं कुणाला, तर कॉक्स-११ ला. कॉक्स-११ हा साखळीतल्या चौथ्या पेटीला तांबं बसवून देणारा मदतनीस. परागकणांना पोसणाऱ्या थरात, नेमक्या त्या दिवसांत, या मदतनिसाचा हात धरला जातो आणि तो थर वेळेआधी मरतो. परागकण उपाशी राहतात. बाकी झाड हिरवंगार. मक्याच्या परागकोशात तो पोसणारा थर तयार होताना तंतुकणिका चाळीस पटींनी वाढतात, असं १९७९ मध्ये मोजलं गेलं होतं. सगळ्यात जास्त बांधकाम जिथे, तिथेच ही अडवणूक लागते.

आणि हा दोष झाकून पुन्हा परागकण धरायला लावणारी जनुकं केंद्रकात असतात. सीड प्लॉटमधल्या नराकडे ती असायची, म्हणून पुढच्या वर्षी शेतकऱ्याच्या रानात कणसं भरायची. अनेक पिकांत ही जनुकं निघाली पीपीआरच्या गोतावळ्यातलीच. तेच मुद्रितशोधक, बिघडलेला मजकूर छापण्याआधी थांबवणारे.

नर ओळींची कापणी आधी व्हायची, ती भाकरीला घरी यायची. मादीची कणसं वेगळी, त्यांचं बी कंपनीला. अण्णा त्या बियाच्या पोत्यावर कुणाला बसू देत नसत.

आता आई माझ्याकडे पुण्यात असते. बोटं वाकडी झाली आहेत, गाठ मारता येत नाही, म्हणून मूग मी बांधते आणि ती बाजूला बसून "अजून आवळ" म्हणते. फडकं तेच आहे, मधोमध विरलेलं. परवा सोमवारचे बांधले आणि मध्ये पाहुणे आल्यामुळे बुधवारी सकाळपर्यंत सोडायचे राहून गेले. आईनं डब्यात हात घातला, काढला, पुन्हा घातला. "लांब गेले गं हे," म्हणाली. गाठ सोडली तर मोड कापडाच्या विणीतून पार पलीकडे निघाले होते, पांढरे, टोकदार, शेकड्यांनी. ओढले असते तर तुटले असते. आम्ही फडकं ताटात पसरलं आणि दोघी समोरासमोर बसून एकेक दाणा मागच्या बाजूनं अलगद ढकलत सोडवत राहिलो. कापड अजून कोमट होतं.